स्वस्त क्रिप्टो एटीएम: यंत्राची किंमत आणि ते चालवण्याची किंमत

क्रिप्टो एटीएम आणि बँकेचे एटीएम यांचे साम्य बाह्य रूपापुरतेच आहे. बँकेचे यंत्र खातेदाराला त्याचेच पैसे परत देते. क्रिप्टो एटीएम मात्र अनोळखी माणसाकडून रोकड घेते आणि तिचे मूल्य बिटकॉइनसारख्या आभासी चलनाच्या (क्रिप्टोच्या) रूपात, एकदा गेले की मागे न फिरवता येणाऱ्या व्यवहाराने, जगातील कोणत्याही डिजिटल पत्त्यावर पाठवून देते. या यंत्रांची बांधणी, त्यांतील उणिवा आणि त्यांच्यावरची बंधने या सर्वांच्या मुळाशी हाच फरक आहे. प्रस्तुत परीक्षण असे यंत्र विकत घेऊन चालवू इच्छिणाऱ्या लहान व्यावसायिकाच्या बाजूने लिहिले आहे. माझे मत आधीच सांगतो: यंत्र स्वस्त झाले आहे, ते कायदेशीरपणे चालवणे स्वस्त झालेले नाही, आणि म्हणून कोणत्याही स्वस्त यंत्राची पारख करताना पहिला प्रश्न असा विचारावा की हे यंत्र त्याच्या चालकाला नियम पाळण्यास आणि फसवल्या गेलेल्या ग्राहकाला वेळीच थांबवण्यास कितपत मदत करते.

किमती कशा उतरत गेल्या हे पाहिले तर प्रत्येक टप्प्यावर यंत्रातून काय काढून टाकले गेले हेही दिसते. सर्वसामान्यांसाठी खुले झालेले पहिले बिटकॉइन एटीएम २९ ऑक्टोबर २०१३ रोजी कॅनडातील व्हँकुव्हर येथे एका कॉफीगृहात सुरू झाले. ते रोबोकॉइन कंपनीचे होते, त्याची किंमत सुमारे २० हजार डॉलर होती, ते नोटा घेत असे आणि देतही असे, आणि ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी त्यात तळहाताची छाननी करण्याची सोय होती. त्याच सुमारास लॅमासू कंपनीने सुमारे पाच हजार डॉलरचे लहान यंत्र आणले, जे फक्त नोटा घेत असे; नोटा देणारा भाग आणि त्यासोबत लागणारी जड तिजोरी वगळल्यामुळेच ती किंमत शक्य झाली. २०१४ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथील स्कायहूक या प्रकल्पाने ९९९ डॉलरचे, आराखडा सर्वांसाठी खुला असलेले यंत्र विक्रीस काढले आणि स्वस्ताईची नवी पातळी गाठली. या उतरंडीत आधी नोटा देण्याची क्षमता गेली, मग ओळख तपासण्याची साधने आणि शेवटी पोलादी कवच गेले. पुढे कायद्याने नेमकी ओळख तपासण्याचीच मागणी केली, त्यामुळे सुरुवातीच्या स्वस्त यंत्रांचा मोठा फायदा अल्पकाळच टिकला.

लहान यंत्रातील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे नोट ओळखणारा भाग, अर्थात बिल व्हॅलिडेटर. पडदा, कॅमेरा, छोटा संगणक आणि पावतीचा प्रिंटर हे सारे कोठेही मिळणारे सुटे भाग आहेत; परंतु नोट खरी की खोटी हे काही क्षणांत ठरवणारा भाग मोजक्याच कंपन्या चांगल्या दर्जाचा बनवतात, आणि तो नाणे टाकून चालणारी विक्रीयंत्रे व जुगारयंत्रे यांच्या उद्योगातून इकडे आला आहे. तो वेगवेगळ्या रंगांच्या आणि अवरक्त प्रकाशात नोटेचे अनेक बिंदू तपासतो, काही प्रकारांत चुंबकीय शाईही वाचतो, आणि मग आपल्या स्मृतीतील नमुन्यांशी ताडून पाहतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की मध्यवर्ती बँकेने नव्या रचनेची नोट काढली की त्या भागातील माहिती अद्ययावत करावी लागते, आणि ते न केल्यास ग्राहकाची खरी नोट वारंवार परत येते. खरेदीपूर्वी विक्रेत्याला विचारावे की आपल्या चलनाचा नमुनासंच उपलब्ध आहे का, तो कोण पुरवतो आणि किती काळ पुरवत राहील. दुसरा प्रश्न नोटा साठवण्याच्या पेटीचा. सर्वांत स्वस्त यंत्रांत नोटा एका उघड्या कप्प्यात पडतात, म्हणजे पैसे गोळा करायला जाणारा प्रत्येक माणूस त्या हाताळतो आणि मोजणीतील तफावत कोठे झाली हे कळत नाही. कुलूपबंद, तशीच्या तशी उचलून नेता येणारी पेटी असलेला व्हॅलिडेटर महाग पडतो, पण एकाहून अधिक माणसे रोकड हाताळणार असतील तर त्या पैशात कपात करू नये असे मी आग्रहाने म्हणेन.

सर्वांत कमी खर्चात जुळणारी यंत्रे आज लाइटनिंग नेटवर्कवर, म्हणजे बिटकॉइनचे छोटे व्यवहार झटपट आणि स्वस्तात करणाऱ्या पूरक जाळ्यावर, चालतात. प्राग येथे विकसित झालेले ब्लेस्कोमॅट आणि एलएनबिट्स या मुक्त सॉफ्टवेअरभोवती तयार झालेले फोसा ही त्यांची चांगली उदाहरणे आहेत. त्यांत ईएसपी३२ नावाचा अत्यंत स्वस्त सूक्ष्मनियंत्रक, नाणी किंवा नोटा ओळखणारा भाग आणि छोटा पडदा एवढेच असते. या यंत्रांची रचना खरोखर कौतुकास्पद आहे, कारण यंत्राला स्वतःला इंटरनेटची गरजच नसते. ग्राहकाने टाकलेल्या रकमेची नोंद यंत्र आपल्याकडील गुप्त किल्लीने (म्हणजे गुप्त संकेतांकाने) स्वाक्षरांकित करते आणि क्यूआर कोडच्या रूपाने दाखवते. ग्राहकाचा फोन तो कोड वाचून यंत्रचालकाच्या सर्व्हरकडे जातो, सर्व्हर स्वाक्षरी तपासतो आणि तेवढी रक्कम एकदाच अदा करतो. लाइटनिंगवरील शुल्क अत्यल्प असल्यामुळे एखाद्या नाण्याच्या किमतीचा व्यवहारही परवडतो, जो मूळ बिटकॉइन साखळीवर (ब्लॉकचेन, म्हणजे सर्व व्यवहारांची सामायिक नोंदवही) गर्दीच्या काळात निव्वळ शुल्कामुळे निरर्थक ठरला असता.

परंतु हे यंत्र कोणासाठी योग्य आहे हे स्पष्ट सांगायला हवे. संमेलनात प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी, विद्यार्थ्यांना प्रणाली समजावण्यासाठी किंवा स्वतः शिकण्यासाठी याहून चांगले साधन मला माहीत नाही. सार्वजनिक ठिकाणी व्यवसाय म्हणून ठेवण्यासाठी मात्र ते अपुरे आहे, कारण मूळ स्वरूपात त्यात ग्राहकाची ओळख नोंदवण्याची, दिवसाची मर्यादा माणसागणिक पाळण्याची किंवा संशयित पत्ता अडवण्याची कोणतीही सोय नसते. शिवाय यंत्र कोणी उचलून नेले आणि त्यातील गुप्त किल्ली बाहेर काढली, तर चोराला घरबसल्या पैसे काढण्याच्या मागण्या तयार करता येतात. म्हणून अशा यंत्राला जोडलेल्या वॉलेटमध्ये (आभासी चलन ठेवण्याच्या डिजिटल पाकिटात) त्या दिवसापुरती रक्कमच ठेवावी आणि प्रत्येक यंत्राला स्वतंत्र किल्ली द्यावी, म्हणजे एक यंत्र हरवल्यास तेवढीच किल्ली रद्द करता येते.

व्यावसायिक वापराच्या यंत्रांत लहान चालकापुढे प्रामुख्याने दोन घराणी येतात: चेक प्रजासत्ताकातील जनरल बाइट्स आणि आता स्वित्झर्लंडमधून काम करणारी लॅमासू. जनरल बाइट्सचे बीएटीएम-टू आणि लॅमासूचे गाया ही दोन्ही आकाराने लहान, भिंतीवर लावता येणारी आणि केवळ नोटा घेणारी यंत्रे आहेत. दोन्हींमागे ग्राहकाची ओळख, मर्यादा, दर आणि एक्स्चेंजशी (आभासी चलनाच्या खरेदी-विक्रीच्या बाजाराशी) जोडणी सांभाळणारा सर्व्हर असतो. यंत्राच्या डब्याकडे पाहून निवड करणाऱ्यांना माझा सल्ला असा की डबा बाजूला ठेवून या सर्व्हरकडे पाहावे, कारण तुमच्या वॉलेटच्या किल्ल्या, एक्स्चेंजवरील अधिकार आणि ग्राहकांची ओळखपत्रे तेथेच असतात.

याचा धडा जनरल बाइट्सच्या यंत्रचालकांना कठोरपणे मिळाला. २०२१ मध्ये क्रॅकेन एक्स्चेंजच्या सुरक्षा प्रयोगशाळेने बीएटीएम-टूची तपासणी प्रसिद्ध केली. यंत्राच्या व्यवस्थापनासाठी कारखान्यातून येणारा क्यूआर कोड सर्व यंत्रांवर सारखाच होता आणि अनेक चालकांनी तो बदललाच नव्हता. रोकड काढण्यासाठी जे कुलूप उघडावे लागे, त्यानेच आतील संगणकापर्यंतही पोचता येत असे. आणि यंत्र सुरू होताना त्यातील प्रणाली मूळचीच आहे याची खातरजमा होत नव्हती. म्हणजेच पैसे गोळा करण्यासाठी किल्ली दिलेला कोणताही कर्मचारी संपूर्ण यंत्र ताब्यात घेऊ शकला असता. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये सर्व्हरच्या व्यवस्थापन भागातील त्रुटीचा गैरवापर झाला, आणि मार्च २०२३ मध्ये यंत्रांकडून चित्रफिती चढवण्यासाठी ठेवलेल्या मार्गाने हल्लेखोरांनी स्वतःचा प्रोग्रॅम सर्व्हरवर चढवून सुमारे ५६ बिटकॉइन पळवले. त्यानंतर कंपनीने आपली क्लाउड सेवा बंद करून चालकांना स्वतःचे सर्व्हर उभारण्यास सांगितले. कंपनीने त्रुटी जाहीर केल्या आणि त्यांवरील उपायही दिले हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे; तरीही ज्याला सर्व्हर सुरक्षित ठेवण्याचे, तो आपल्या खासगी जाळ्यामागे लपवण्याचे आणि सुधारणा त्याच दिवशी बसवण्याचे ज्ञान नाही, त्याने तसा माणूस नेमल्याशिवाय या व्यवसायात पाऊल टाकू नये. लॅमासूने पहिल्यापासून सर्व्हर चालकाच्याच हाती ठेवण्याची भूमिका घेतली आणि सुरुवातीच्या काळात आपल्या सॉफ्टवेअरचा स्रोतही सार्वजनिक केला होता, ही गोष्ट मला अधिक विश्वासार्ह वाटते. पण तेथेही जबाबदारी शेवटी चालकावरच येते.

दोन्ही दिशांचे व्यवहार करणारी, म्हणजे आभासी चलन घेऊन नोटा देणारी यंत्रे मोठी आणि महाग असतात, आणि स्वस्ताच्या शोधात निघालेल्याने त्यांच्या वाटेला न जाणेच योग्य. नोटा मोजून देणारा भाग आणि त्याच्या कॅसेटी यांचा खर्च आहेच, पण खरी जोखीम वेगळी आहे. ग्राहकाने पाठवलेला बिटकॉइन व्यवहार साखळीत पक्का होण्यापूर्वीच नोटा देऊन टाकल्या, तर तो ग्राहक तेच बिटकॉइन दुसरीकडे वळवू शकतो. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये कॅनडातील सात शहरांत ११२ व्यवहारांतून याच पद्धतीने सुमारे १ लाख ९५ हजार कॅनेडियन डॉलर काढले गेले. पुष्टी मिळेपर्यंत थांबणे हा त्यावरील साधा उपाय आहे. ग्राहकाला पावती देऊन नंतर परत बोलावणारी व्यवस्था ज्या यंत्रात नसेल ते घेऊ नये.

आता नियमांकडे वळू, कारण यंत्रापेक्षा मोठा खर्च तेथे आहे. अमेरिकेत, जेथे जगातील बहुसंख्य क्रिप्टो एटीएम आहेत, फिनसेन या केंद्रीय संस्थेने मार्च २०१३ च्या मार्गदर्शनात आभासी चलनाचे हस्तांतरण हा पैसे पाठवण्याचा व्यवसाय मानला आणि मे २०१९ च्या मार्गदर्शनात अशा यंत्रांचा स्वतंत्र उल्लेख करून त्यांचे मालक-चालक या व्याख्येत येतात हे निःसंदिग्ध केले. चालकाने व्यवसाय सुरू केल्यापासून १८० दिवसांत नोंदणी करावी लागते. मनी लॉन्डरिंग रोखण्याचा लेखी कार्यक्रम ठेवावा लागतो, ज्यात अंतर्गत नियंत्रणे, जबाबदार अधिकारी, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि स्वतंत्र तपासणी ही चारही अंगे असावी लागतात. एका माणसाचा दिवसाचा रोख व्यवहार १० हजार डॉलरपेक्षा अधिक झाला की अहवाल द्यावा लागतो. २ हजार डॉलरपासून पुढे संशयास्पद व्यवहार कळवावा लागतो. आणि नोंदी पाच वर्षे जपाव्या लागतात. यंत्र एक असो वा हजार, ही बांधिलकी तीच राहते. त्यावर बहुतेक राज्यांचे वेगळे परवाने, त्यांचे हमीरोखे (नुकसानभरपाईची हमी देणारे बंधपत्र) आणि न्यूयॉर्कसारख्या राज्याचा २०१५ पासूनचा खास आभासी चलन परवाना येतो. आवश्यक परवाना किंवा नोंदणी नसताना पैसे हस्तांतरित करणे हा तेथे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकणारा केंद्रीय गुन्हा आहे. यंत्र विकणारी कंपनी केवळ विक्रीमुळे या बंधनात येत नाही, हे खरेदीदाराने नीट लक्षात घ्यावे, कारण ‘नियमांनुसार सज्ज’ असे जाहिरातीत छापलेले असले तरी त्याचा अर्थ सॉफ्टवेअरमध्ये रकाने उपलब्ध आहेत एवढाच असतो.

काही राज्ये त्याही पुढे गेली आहेत. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२४ पासून प्रत्येक ग्राहकासाठी दिवसाला १,००० डॉलरची मर्यादा घातली, आणि १ जानेवारी २०२५ पासून शुल्कावर ५ डॉलर किंवा १५ टक्के यांपैकी जे अधिक असेल तेवढी कमाल मर्यादा आणली. मिनेसोटाने २०२४ मध्ये नव्या ग्राहकासाठी दिवसाची मर्यादा २,००० डॉलर ठेवली आणि फसवणूक झालेल्या नव्या ग्राहकाने ठरावीक मुदतीत कळवल्यास रक्कम परत करण्याचे बंधन चालकावर टाकले. त्याच राज्यातील स्टिलवॉटर आणि वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन या शहरांनी तर ही यंत्रे ठेवण्यासच मनाई केली.

अन्य देशांत चित्र तितकेच बंदिस्त आहे. ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने मार्च २०२२ मध्ये जाहीर केले की कोणत्याही क्रिप्टो एटीएम चालकाला नोंदणी मिळालेली नाही आणि सर्व यंत्रे बंद करावीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये नोंदणीविना यंत्रांचे जाळे चालवल्याबद्दल एका चालकाला चार वर्षांची शिक्षा झाली. सिंगापूरने जानेवारी २०२२ मध्ये सार्वजनिक ठिकाणी आभासी चलनाच्या जाहिरातीला अटकाव केला आणि त्यात ही यंत्रेही धरली. जर्मनीच्या नियामकाने ऑगस्ट २०२४ मध्ये परवान्याविना चाललेली १३ यंत्रे जवळपास अडीच लाख युरो रोकडीसह ताब्यात घेतली. ऑस्ट्रेलियाने २०२५ च्या जूनमध्ये ५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची रोख मर्यादा घातली, तर न्यूझीलंडने पुढच्याच महिन्यात या यंत्रांवर पूर्ण बंदीचा निर्णय जाहीर केला. भारतात २०१८ मध्ये बेंगळुरूत बसवलेले एक यंत्र पोलिसांनी जप्त केले होते, आणि मार्च २०२३ पासून आभासी मालमत्तांची सेवा देणारे व्यवसाय मनी लॉन्डरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आले आहेत. म्हणून यंत्राची मागणी नोंदवण्यापूर्वी ते जेथे उभे राहणार त्या ठिकाणचा कायदा जाणणाऱ्या वकिलाचे लेखी मत घ्यावे. यंत्र सहसा परत घेतले जात नाही.

या कडकपणामागे अतिरेक आहे असे काही चालक म्हणतात. मला ते पटत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या माहितीनुसार बिटकॉइन एटीएमद्वारे झालेल्या फसवणुकीतील नुकसान २०२० ते २०२३ या काळात जवळपास दहापट होऊन २०२३ मध्ये ११ कोटी डॉलरच्या पुढे गेले, आणि २०२४ च्या पहिल्या सहामाहीत ६० वर्षांवरील लोक तरुणांच्या तुलनेत तिपटीहून अधिक प्रमाणात बळी पडले. एफबीआयकडे २०२४ या एका वर्षात या यंत्रांशी संबंधित सुमारे १०,९०० तक्रारी आणि जवळपास २४ कोटी ६७ लाख डॉलरचे नुकसान नोंदले गेले. पद्धत ठरलेली असते: फोनवरचा माणूस स्वतःला पोलीस, बँक अधिकारी किंवा संगणक कंपनीचा तंत्रज्ञ म्हणवतो, खाते धोक्यात असल्याचे सांगून बचत रोखीत काढायला लावतो, यंत्र कोठे आहे ते सांगतो आणि स्वतःचा क्यूआर कोड पाठवतो. यंत्रासमोर उभा असलेला वृद्ध माणूस त्या वेळी भेदरलेला असतो, आणि त्याच्या व त्याच्या आयुष्यभराच्या बचतीच्या नाशाच्या मध्ये फक्त तुमचे सॉफ्टवेअर उभे असते.

म्हणून सॉफ्टवेअर तपासताना मी पुढील गोष्टींना सर्वाधिक गुण देतो. पहिल्या व्यवहारासाठी कमी मर्यादा आणि काही तासांचा विलंब ठेवता आला पाहिजे. इशारा भल्यामोठ्या अक्षरांत, ग्राहकाच्या भाषेत आणि थेट प्रश्नाच्या रूपात आला पाहिजे: ‘तुम्हाला कोणी फोनवरून येथे यायला सांगितले आहे का?’ आणि उत्तर होकारार्थी असल्यास व्यवहार तेथेच थांबला पाहिजे. पाठवण्याचा पत्ता साखळी-विश्लेषण सेवेकडून, म्हणजे साखळीवरील नोंदींतून संशयित पत्ते ओळखणाऱ्या सेवेकडून, तपासूनच पुढे गेला पाहिजे. चेनॅलिसिस, एलिप्टिक यांसारख्या सेवांची जोडणी नसलेले सॉफ्टवेअर आज मी व्यवसायासाठी नाकारेन. एकच पत्ता वेगवेगळ्या दूरध्वनी क्रमांकांनी वापरला जात असेल तर चालकाला लगेच कळले पाहिजे, कारण फसवणुकीची ती सर्वांत स्पष्ट खूण आहे. आणि यंत्रावर ठळकपणे छापलेला मदत क्रमांक खऱ्या माणसाने उचलला पाहिजे. एका लहान यंत्राच्या चाचणीत मला इशाऱ्याचा मजकूर इतक्या बारीक अक्षरांत आढळला की चष्म्याविना तो वाचणे अशक्य होते. त्या निर्मात्याचे नाव घेत नाही, परंतु हा दोष कागदावर क्षुल्लक दिसला तरी माझ्या दृष्टीने यंत्र नापास करण्यास पुरेसा आहे.

हिशेबाविषयी थोडक्यात. या यंत्रांवर दहा ते वीस टक्के, काही ठिकाणी त्याहून अधिक शुल्क आकारले जाते, आणि त्यातील बराच भाग जाहीर शुल्काऐवजी दरातील फरकात दडलेला असतो. ग्राहकाला प्रत्यक्ष मिळणारी रक्कम आणि बाजारभाव हे दोन्ही नोट टाकण्यापूर्वी पडद्यावर दिसलेच पाहिजेत. या शुल्कातून जागेचे भाडे, रोकड वाहतूक, विमा, ओळख तपासणीचा दर व्यवहारामागील खर्च, विश्लेषण सेवा आणि जबाबदार अधिकाऱ्याचा पगार भागवायचा असतो. एकट्या यंत्राच्या उलाढालीतून हे सारे निघणे फार कठीण आहे. त्यातच अनेक बँका अशा व्यवसायाला खातेच देत नाहीत, आणि खाते असल्याशिवाय गोळा झालेली रोकड पुन्हा एक्स्चेंजवर नेता येत नाही. लहान चालकाने आधी बँकेचे लेखी होकारपत्र मिळवावे, मग परवान्याचा अर्ज करावा, आणि यंत्र सर्वांत शेवटी घ्यावे. व्यवहारात बहुतेक जण नेमका उलटा क्रम धरतात.

ठिकठिकाणी बंदी आल्यामुळे वापरलेली यंत्रेही बाजारात मिळतात, आणि स्वस्तात हवे असणाऱ्याची नजर तिकडे जाणे स्वाभाविक आहे. ती घेऊ नयेत असे मी म्हणणार नाही, पण काही गोष्टी पाहूनच घ्यावीत. निर्माता अजून टिकून आहे का हे पाहावे. पहिले एटीएम देणारी रोबोकॉइन कंपनीसुद्धा पुढे टिकली नाही. यंत्राची नोंद जुन्या मालकाच्या सर्व्हरवरून काढल्याचा पुरावा मागावा. आतील माहिती साठवणारी डिस्क काढून टाकून नवी बसवावी, कारण जुन्या ग्राहकांची ओळखपत्रे तिच्यात राहिली असतील तर ती सांभाळण्याचे दायित्वही यंत्रासोबत तुमच्याकडे येते. कुलपे बदलावीत, व्यवस्थापनाचा क्यूआर कोड पहिल्याच दिवशी नवा करावा, आणि नोट ओळखणारा भाग सध्याच्या सर्व नोटा स्वीकारतो की नाही हे विक्रेत्यासमोरच, नव्या आणि चुरगळलेल्या अशा दोन्ही नोटा घालून तपासावे. विक्रेता यांपैकी एकाही गोष्टीला नकार देत असेल, तर किंमत कितीही कमी असली तरी ते यंत्र घेऊ नये.